अनुभव धागा: सुट्टीतील बायबल शाळेची तयारी तुमच्या मंडळीत कशी होते?

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम सलाम. वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सुट्टीतील बायबल शाळेची, म्हणजे आपण सगळे जिला व्हीबीएसच म्हणतो तिची, लगबग सुरू होते. न्यूयॉर्कमध्ये १८९८ साली एलायझा हॉज या बाईंनी रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी भाड्याच्या बिअर हॉलमध्ये अशी शाळा भरवली आणि १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ती शहरभर नेली, हा इतिहास शिक्षक-प्रशिक्षणात आपण ऐकलेलाच असतो. जागा, माणसे, पैसा आणि ऊन यांचा मेळ प्रत्यक्षात कसा घालायचा, हे मात्र ज्यांनी ते केले आहे त्यांच्याकडूनच कळते. पुण्यातील आमच्या मंडळीत यंदा ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनीही मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा

आमच्याकडे शाळा मे महिन्यात भरते, परंतु तिचे काम ईस्टर झाला की लगेच सुरू होते. शिक्षकांचे पुस्तक, मुलांच्या वह्या, चित्रांचे तक्ते आणि गाणी असा छापील संच हाती आला म्हणजे तयारी झाली, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते खरे काम तेथून पुढे आहे. या संचांतील मजकूर बहुधा भाषांतरित असतो, त्यातील वाक्ये मुलांना तोंडी सांगण्याजोगी नसतात, आणि पुस्तक हातात धरून गोष्ट वाचून दाखवणाऱ्या शिक्षकाकडे सात वर्षांचे मूल फार वेळ पाहत नाही. म्हणून प्रत्येक शिक्षकाने आपला एक धडा इतर शिक्षकांसमोर पुस्तक मिटून सांगायचा, असा आमचा नियम आहे. कॉलेजची मुले आधी लाजतात, थोडी हसाहसी होते, पण कोणाची गोष्ट कुठे रेंगाळते हे तेथेच उघड होते आणि ते सुधारायला हाताशी वेळ असतो.

एका वर्षी जक्कयाचा, म्हणजे येशूला पाहण्यासाठी झाडावर चढलेल्या श्रीमंत जकातदाराचा, धडा होता. आपल्या पवित्र शास्त्रात तो उंबराच्या झाडावर चढतो, आणि चर्चच्या आवाराला लागूनच एक जुना उंबर आहे. शिक्षिकेने आपला वर्ग उचलून त्याच्या सावलीत नेला. अन्यायाने घेतलेले चौपट परत करीन, असे जक्कय म्हणतो तेथे एका मुलाने विचारले, “चौपट म्हणजे किती?” तिने खाली पडलेली उंबरे गोळा करायला लावली, एक घेतले, चार परत दिली. मुलगा मोजत राहिला आणि मग म्हणाला, “बाई, अर्धं तर त्यानं आधीच गरिबांना दिलं होतं. मग त्याच्याकडे उरलं काय?” वहीतील रिकाम्या जागा भरून हा प्रश्न कधीही आला नसता.

वर्गवारीबद्दल एवढेच सांगते की चार ते सहा, सात ते नऊ, दहा ते बारा आणि त्यापुढची मुले असे गट करावेत, आणि भावंडांना एकत्र बसवण्याचा पालकांचा आग्रह प्रेमाने नाकारावा. गाण्यांच्या बाबतीत माझे मत थोडे जुने आहे. स्पीकर लावून हातवारे करण्याची गाणी मुलांना आवडतात आणि ती असावीतही, पण रेव्ह. ना. वा. टिळकांचे एखादे भजन झांजा-ढोलकीवर शिकवले, तर ते मूल रविवारी मोठ्यांच्या उपासनेतही मान वर करून गाते.

पाळक, जालना जिल्हा

बाईंचे उंबराचे झाड वाचून हेवा वाटला, कारण आमच्या गावी मे महिन्यात सावली आणि पाणी दोन्ही मागून आणावे लागते. आमची वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा ही आहे आणि ती कोणत्याही कारणाने पुढे सरकवू देत नाही. पाहुणे उशिरा आले तर मुलांना त्यांच्यासाठी थांबवून ठेवत नाही. टँकर कोणत्या दिवशी येणार हे आधी विचारून घेतो, कारण त्या दिवशी मोठ्या मुली हंड्यांच्या रांगेत असतात आणि त्यांचा वर्ग पहिल्या तासाला ठेवण्यात अर्थ नसतो. तारीख ठरवताना आम्ही ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतली आहेत का, हे पाहतो. कारखान्यांचा हंगाम संपून ती माणसे गावी येतात तेव्हाच त्यांची मुले आम्हाला भेटतात. वर्षातले कित्येक महिने फडावर गेल्यामुळे यातील काहींचे वाचन वयाच्या मानाने मागे असते; त्यांना वयाच्याच गटात बसवावे, पण वही लिहिण्याची सक्ती करू नये. स्तोत्र २३ ऐकून ऐकून पाठ करण्यात हीच मुले पुष्कळदा सर्वांच्या पुढे असतात.

खाऊचे प्रमाण विचारणारे नेहमी भेटतात, म्हणून लिहितो. साठ मुलांना जाड पोहे साडेतीन किलो पुरतात. पोहे, उपमा आणि शेंगदाणे-गूळ आलटून पालटून ठेवावेत. महिला मंडळातील भगिनींच्या पाळ्या लेखी लावाव्यात, नाहीतर सगळा भार पाळकीणबाईंवर येतो आणि त्या वर्गाकडे फिरकूही शकत नाहीत. लिंबाचे सरबत सुटतानाच द्यावे. आधी दिले तर धड्याच्या मध्यात अर्धा वर्ग लघवीला जातो.

रविवारशाळा शिक्षिका, मुंबई

आमची अडचण निराळी आहे. मराठी मंडळीतील आमची बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांना मराठी नीट बोलता येते, पण तक्त्यावरील बायबलचे वचन वाचताना ती अडखळतात. तेव्हा पूर्ण शाळा इंग्रजीत घ्यावी असा एक प्रस्ताव आला होता. आम्ही तो स्वीकारला नाही. वचने छोटी निवडली, मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि रोजचे वचन शब्द सुटे करून चिठ्ठ्यांवर दिले, जेणेकरून गटाने ते जुळवून उभे करावे. खेळ म्हणून सुरू झालेले हे वाचन चांगलेच रंगते. घरी आजी-आजोबांकडे रोजचे वचन म्हणून दाखवायला सांगितल्यामुळे पाठांतर निम्मे तेथेच होते.

पाठांतराला बक्षिसे द्यावीत की नाही यावर आमच्यात दरवर्षी चर्चा होते. मी विरोधात आहे. पहिल्या तिघांना बक्षीस मिळते आणि उरलेल्यांच्या आया समारोपाच्या दिवशी माझ्याशी बोलत नाहीत.

पंच (मंडळीच्या कारभारी समितीचे सदस्य), कोल्हापूर

मुंबईच्या ताईंचा मुद्दा मान्य आहे, तरी बक्षीस अजिबात नको हेही मला पटत नाही. आम्ही व्यक्तीऐवजी गटाला देतो, आणि गटातील सर्वांत लहान मुलाने वचन म्हटले तरच गुण धरतो. मोठी मुले त्या लहानग्याला अंगणात बसवून इतके घोटवून घेतात की शिक्षकाला काही करावे लागत नाही.

पालक, वसई

आम्ही कॅथलिक असल्याने आमच्याकडे वर्षभर रविवारचे धर्मशिक्षण असते आणि सुट्टीत धर्मग्रामाचे (पॅरिशचे) बालशिबिर भरते. नाव वेगळे असले तरी धाटणी बरीचशी हीच आहे. भर घालण्याजोगी एकच गोष्ट: शिबिराच्या तारखा ठरवण्याआधी सिस्टर गावातील लग्नांच्या तारखा विचारून घेतात. मे महिन्यात वसईत लग्नघर नाही असा आठवडा मिळणे कठीण, आणि लग्नघरची मुले शिबिरात येत नाहीत.

खजिनदार, नाशिक

पैशाबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. आम्ही रोख वर्गणीपेक्षा वस्तूरूपाने मदत मागतो: एका घराने रंगपेट्या, एकाने एका दिवसाचा खाऊ, एकाने मंडप. देणाऱ्याला आपले दान कुठे गेले हे डोळ्यांनी दिसते, आणि मला पंचांपुढे हिशोब मांडणे सोपे जाते. तरीही प्रत्येक वस्तूची पावती फाडतो. खर्च हाताबाहेर जातो तो समारोपाच्या कार्यक्रमात. छापील बॅनर, वेशभूषा, ध्वनिव्यवस्था, पाहुण्यांचे हार यांत पाच दिवसांच्या शिकवणीहून अधिक रक्कम जाते, आणि शेवटचे दोन दिवस नाटुकल्याच्या तालमीत खर्ची पडल्याने धडे मागे राहतात. आता मुलांनी वर्गात जे केले तेच पालकांना दाखवायचे, नवीन काही बसवायचे नाही, असे पंचमंडळाने ठरवून दिले आहे.

तरुण संघ, नागपूर

खेळ आणि हस्तकला आमच्याकडे असते, परंतु मला लिहायचे आहे ते सुरक्षिततेविषयी, कारण बैठकीत हा विषय काढला की “आपलीच तर माणसे आहेत” असे उत्तर मिळते. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर एकटा खोलीत राहणार नाही. लहान मुलांना स्वच्छतागृहात नेताना दोन भगिनी बरोबर असतील. नोंदणी अर्जात पालकाची सही, दूरध्वनी क्रमांक, ॲलर्जी आणि मुलाला घरी कोण नेणार त्याचे नाव असेल, आणि त्या नावाखेरीज दुसऱ्या कोणाबरोबरही मूल सोडले जाणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे आणि मंडळीचे आवार त्याला अपवाद नाही. शेजारची इतर धर्मांची मुलेही मित्रांबरोबर येतात. येथे बायबलमधील गोष्टी आणि प्रार्थना असतात, हे त्यांच्या आईवडिलांना घरी जाऊन स्पष्ट सांगावे आणि त्यांची लेखी संमती असेल तरच मुलाला बसवावे.

आमच्याकडचे ऊन सर्वांना ठाऊक आहे. ओआरएसची पाकिटे आणि ओले पंचे हाताशी असतात, आणि मैदानी खेळ साडेआठच्या आत संपतात.

रविवारशाळा अधीक्षक, मिरज

एक पुस्ती जोडतो. समारोपानंतर नोंदणीचे अर्ज कपाटात जातात, असे अनेक ठिकाणी पाहिले आहे. आम्ही ते त्याच आठवड्यात विभागवार वाटून रविवारशाळेच्या शिक्षकांकडे देतो, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधी जी मुले रविवारी आली नाहीत त्यांच्या घरी जाऊन भेट घेतो. ही भेट ज्याने व्हीबीएसमध्ये त्या मुलाला शिकवले त्यानेच घ्यावी, कारण मूल दारातून त्यालाच ओळखते. पुढच्या वर्षीचे शिक्षकही या फेरीतच सापडतात: घराघरांत दहावी-बारावी झालेल्या ताया-दादांशी बोलणे होते, आणि मे महिन्यात विचारले तर “वेळ नाही” म्हणणारे जूनमध्ये सहज नाव देतात.