वळिवडे आणि लिनोचे तुकडे

निर्वासितांवरचं भित्तिचित्र २४ विद्यार्थ्यांत वाटून घ्यायचं, प्रत्येकाने स्वतंत्र चित्र काढायचं, असं एकाने सुचवलंय. त्याने नुसतं प्रदर्शन होईल, चित्र नाही. आधी १८० × १२० सेंमीचं एकच रेखाटन करा. ते उलटं करूनच ३० × ३० सेंमीच्या २४ लिनो-तुकड्यांवर (लिनो म्हणजे कोरून छापायचं मऊ लिनोलियम) उतरवा, नाहीतर अक्षरं आरशातली येतात. कडेचा १ सेंमी पट्टा आधी कोरू नका; शेजारचे तुकडे जोडून मगच कोरा, सांधे तिथेच चुकतात. शाई एकाच डब्यातली. पावसाळ्यात तेलाची शाई लवकर वाळत नाही, छापे एकावर एक ठेवू नका.

विषय लांबचा कशाला? कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश निर्वासित होते, फाळणीनंतर तिथेच सिंधी आले. आजचं गांधीनगर. (रडकी मुलं मात्र टाळा, ट्रंका-भांडी काढा.)