१ मेच्या सहभोजनातील गार सॅलड

बी-२०४ : सर्वांना नमस्कार. महाराष्ट्र दिनाच्या सहभोजनात बारीक चिरलेल्या भाज्या जिलेटिनमध्ये गोठवून केलेले साच्यातले सॅलड ठेवावे, असे आमच्या सूनबाईंनी सुचवले आहे. उद्या मारुती रोडला जाणार आहे, तेव्हा जिलेटिनची पाकिटे आणावीत का, हे कृपया कळवावे.

ए-१०१ : काकू, सॅलड जरूर करावे, परंतु जिलेटिन आणू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ते जनावरांच्या कातडी-हाडांतील कोलॅजेनपासून काढतात. आपल्याकडे जैन आणि लिंगायत कुटुंबे आहेत, आणि एका पंगतीत अर्ध्या पानांना चालणार नाही असा पदार्थ मांडणे मला पटत नाही. शिवाय मे महिन्यात सांगलीचे दुपारचे तापमान चाळिशीच्या आसपास असते. जिलेटिन त्याआधीच विरघळू लागते, त्यामुळे मांडवात ठेवलेले सॅलड वाढेपर्यंत टिकणार नाही. त्याऐवजी चायना ग्रास (अगर-अगर) वापरावे. ते लाल समुद्रशैवालापासून होते आणि एकदा गोठले की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही.

सी-३०२ : मूळ अमेरिकन पदार्थ जिलेटिनचाच आहे. चायना ग्रासने तोच पोत येईल का? आणि आम्ही कंदमुळे खात नाही, याचाही विचार व्हावा.

ए-१०१ : ताई, पोत वेगळा येईल, हे मान्य करायला हवे. जिलेटिन तोंडात विरघळते, तर चायना ग्रासची वडी दाताखाली स्वच्छ तुटते. म्हणून एक लिटर पाण्याला भुकटी १० ऐवजी ८ ग्रॅमच घ्यावी. मिरी आणि कोथिंबिरीच्या काड्या उकळून गाळलेल्या पाण्यात ती थंड असतानाच कालवावी, मग ढवळत दोन-तीन मिनिटे चांगली उकळू द्यावी, कारण नुसत्या गरम पाण्यात ती पूर्ण विरघळत नाही. मीठ-साखर तेव्हाच घालावी. लिंबाचा रस मात्र आच बंद केल्यावरच, कारण आंबट घालून उकळले की गोठण्याची ताकद कमी होते. गाजर-बीट वगळून काकडी, ढोबळी मिरची आणि वाफवलेले मक्याचे दाणे घेऊ. काकडीच्या बिया काढून, तिला मीठ लावून, सुटलेले पाणी पिळून टाकणे फार आवश्यक आहे, नाहीतर साच्यात पाणी साठते. भाज्या फ्रीजमधून काढून थेट घालू नयेत. हे मिश्रण ४० अंशांच्या खालीच घट्ट होऊ लागते आणि थंड फोडींना लागताच त्याच्या गुठळ्या होतात.

बी-२०४ : मग अननसाच्या फोडी घालता येतील का? सूनबाई म्हणतात, जिलेटिनमध्ये कच्चा अननस चालत नाही.

ए-१०१ : सूनबाईंचे बरोबर आहे. कच्च्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर जिलेटिनमधील प्रथिने तोडते. चायना ग्रासमध्ये प्रथिने नसून शर्करेच्या साखळ्या असल्याने ती अडचण येत नाही. अननस अवश्य घाला. साचे आतून पाण्याने ओले करून भरावेत.

सी-३०२ : आमच्याकडे स्टीलचे दोन खोल साचे आहेत. ३० एप्रिलला सायंकाळी काकूंच्या घरी पोहोचवते.