सल्ला हवा: सदाहरित जंगल आणि समुद्र एकाच सहलीत, राहायची जागा कशी निवडावी?

मृण्मयी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर शाळेचं जमवून जानेवारीत, आठवडाभर बाहेर पडायचं म्हणतोय. आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि सासूबाई. लेकीला पक्षी, बेडूक, साप यांचं प्रचंड वेड आहे. नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेलं की तिथून पाय निघत नाही तिचा. तिला एकदा खरंखुरं सदाहरित जंगल दाखवायचंय. सासूबाईंना समुद्र हवा, पण त्यांचे गुडघे दुखतात. सपाटीवर चालतात, जिने आणि चढ नको.

अंदमान, श्रीलंका आणि ट्रॅव्हलवाल्यांनी सुचवलेलं बोर्निओ अशी तीन नावं डोक्यात आहेत. अडचण अशी की नेटवर ज्याला त्याला 'जंगल रिसॉर्ट', 'इको लॉज', 'सी व्ह्यू' असंच लिहिलेलं असतं. फोटो सगळे सारखेच. जागा सुचवाच, पण लॉज निवडताना नेमकं काय बघायचं आणि फोनवर काय विचारायचं तेही सांगा. आम्ही शाकाहारी आहोत.

पंचवटीकर

डोळे झाकून अंदमान. स्वराज द्वीपचा (जुनं हॅवलॉक) राधानगर किनारा बघून सासूबाई खूश होतील. वाळू पांढरी, आणि वाळू संपते तिथूनच उंच झाडं सुरू होतात. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं.

रानभूल

मृण्मयीताई, पंचवटीकर म्हणतात तो किनारा सुंदरच आहे. पण अंदमानात समुद्राकाठी राहायची सोय जितकी चांगली, तितकी जंगलात मुक्कामाची नाही. लेकीसाठी जंगल हा मुख्य बेत असेल तर मी दुसरीकडे बघेन. आणि अंदमानला गेलातच तर बाराटांगची सहल टाळा, अशी कळकळीची विनंती. तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. माणसं बघायला गाड्यांचे ताफे जाणं मला पटत नाही.

आता मूळ प्रश्न. जागा ठरवण्याआधी सुट्टी ठरवा. सदाहरित जंगल पावसात बहरतं आणि समुद्र पाऊस थांबल्यावर शांत होतो. दोन्ही एकाच वेळी बऱ्यापैकी मिळतील असे आठवडे प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. ट्रॅव्हलवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे पॅकेज बारा महिने असतं.

दिवाळीत जात असाल तर आपला पश्चिम घाट सगळ्यात उत्तम. ओढे वाहते असतात, जंगल हिरवंगार असतं, किनाऱ्यावर बोटी सुरू झालेल्या असतात. जानेवारी ते मार्च म्हणजे श्रीलंकेचा दक्षिण भाग. मेच्या सुट्टीत बोर्निओ बेटावरचं, मलेशियातलं साबा राज्य, कारण तिथल्या पूर्व भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी जोराचा पाऊस असतो.

मी तुम्हाला दिवाळीसाठी आगुंबे आणि उडुपी सुचवेन. आगुंबे शिवमोग्गा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर. वर्षाला सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या नाशिक शहरात ७०० च्या आसपास पडतो, म्हणजे दहा पट. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये तिथे पर्जन्यवन संशोधन केंद्र सुरू केलं, नागराजावरचं (किंग कोब्रा) मोठं काम तिथूनच झालं. घाट उतरला की साधारण ५५ किलोमीटरवर उडुपी. इतकं अस्सल जंगल आणि समुद्र इतक्या जवळ फार कमी ठिकाणी आहे.

लॉज निवडताना मी सगळ्यात आधी माणूस बघतो, खोली नंतर. नांदूरमधमेश्वरला पाणी उघडं असतं, दुर्बीण लावली की पक्षी समोर. सदाहरित जंगलात सगळा कारभार तीस मीटर वर, पानांच्या आत. जाणकार वाटाड्या नसेल तर दिवसभर चालूनही हिरव्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. म्हणून पहिला प्रश्न: तुमच्याकडे निसर्ग-मार्गदर्शक कायम असतो की मागणी आली की गावातून बोलावता? दुसरा: रात्रीची फेरी असते का, आणि किती जणांची? आठ-दहांच्या वर सांगितलं की मी फोन ठेवतो. तिसरा: गेल्या आठवड्यात काय दिसलं? खरा जाणकार लगेच नावं घेतो, हा बेडूक, तो चापडा साप, अमुक झाडावर धनेश. नुसतं 'ॲनिमल्स बहुत हैं' असं उत्तर आलं तर समजून जा.

मग आवाज आणि उजेड. संध्याकाळी संगीत लागतं का, शेकोटी पेटते का, आवारात दिवे रात्रभर जळतात का, हे विचाराच. एका नावाजलेल्या 'नेचर' रिसॉर्टवर आम्ही रात्री बेडूक ऐकायला बसलो होतो आणि लॉनवर साडेअकरापर्यंत डीजे चालू होता. व्यवस्थापक म्हणाला, कॉर्पोरेट ग्रुप आहे, काही करता येत नाही. तेव्हापासून मी थेट विचारतो: त्या तारखांना मोठा ग्रुप आहे का?

तलाव, रेन डान्स, झिपलाइन यांचे फोटो आधी आणि झाडांचे नंतर असतील तर ती जागा तुमच्यासाठी नाही. उलट ज्यांच्या खोल्या साध्या, पण ओसरी रुंद आणि समोर उंबर-वडाच्या जातीचं झाड, तिथे बिनधास्त जा. ते झाड फळलं की सकाळभर पक्षी तुमच्याकडे येतात, तुम्ही कुठे जायची गरज नाही. सासूबाईंसाठी हे फार मोलाचं.

आगुंबेच्या परिसरात सुपारीच्या बागांमधली जुनी चौसोपी घरं होमस्टे म्हणून देतात. मी तुम्हाला तीच घ्यायला सांगेन. घरचं शाकाहारी जेवण, नीर डोसा, तांदळाची भाकरी, केळीच्या पानावर वाढलेलं. आणि त्याच सुपारीच्या खोडांवर उडता सरडा असतो. ऊन पडलं की नर गळ्याखालची पिवळी झालर ताठ करून उघडतो, मिटतो, परत उघडतो, आणि मग अंगाच्या कडेची पापुद्र्यासारखी कातडी पसरून या खोडावरून त्या खोडावर तरंगत जातो. हे खुर्चीत बसून दिसतं. लेक आणि आजी दोघींना एकत्र बघता येईल असं जंगल हेच.

सातपूरची_स्वाती

रानभूल यांच्याशी सहमत. तरी जानेवारी ठरलं तर म्हणून श्रीलंकेचं लिहून ठेवते.

सिंहराजा हे जंगल १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आत जायला दोन मुख्य बाजू, वायव्येला कुडावा आणि आग्नेयेला देनियाया. समुद्र जोडायचा असेल तर देनियाया घ्या, तिथून मिरिस्सा-वेलिगामा सोयीचं पडतं. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत. तिथे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र टोळीनं फिरतात, कोतवाल पुढे ओरडत आणि मागे बाकीचे. ती टोळी डोक्यावरून जाते तेव्हा कुठे बघावं कळत नाही!

मात्र लॉज निवडताना प्रवेशद्वारापर्यंतचा रस्ता विचारा. काही ठिकाणी शेवटचा टप्पा जीपनं, खडबडीत. गुडघ्यांसाठी बरं नाही. मिरिस्साहून नोव्हेंबर ते एप्रिल देवमासे बघायला बोटी जातात, निळा देवमासासुद्धा दिसतो. बोट हलते, उलटीचं औषध आधी घ्या.

विनय_के

बोर्निओबद्दल थोडक्यात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते खरं तर सोयीचं आहे, कारण किनाबातांगान नदीवरच्या लॉजवरून प्राणी बोटीत बसून बघायचे असतात. लांब नाकाची माकडं, धनेश, नशीब असेल तर बुटके हत्ती. सेपिलोकला ओरांगउटानचं पुनर्वसन केंद्र आहे, १९६४ पासूनचं, लाकडी पुलवाटेवरून बघता येतं. उलट डानम व्हॅली हे घनदाट जुनं जंगल, पण चालावं लागतं आणि खर्चही जास्त. बोटीत चढायला धक्का कसा आहे, लॉजच्या पायऱ्या किती, हे आधी विचारा. नदीची पातळी खाली गेली की पायऱ्या वाढतात. जायचंच तर मेमध्ये.

मृण्मयी_इंदिरानगर

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! घरी वाचून दाखवलं. उडत्या सरड्याचं ऐकून लेकीनं निर्णय जाहीर केला आहे. दिवाळी आणि आगुंबे-उडुपी नक्की.

आता पुढचे प्रश्न. जळवांची सासूबाईंना फार धास्ती आहे. माकडतापाबद्दलही कुठेतरी वाचलं, तो त्याच भागात होतो ना? आणि उडुपीकडे समुद्राकाठचं हॉटेल निवडताना काय बघू? नाशिकहून कसं जावं?

डॉ_निफाड

जळवा पावसात जास्त, दिवाळीपर्यंत बऱ्याच कमी होतात, पण ओल्या पानांच्या थरावर असतातच. त्यांच्यापासून रोग होत नाही. चावल्यावर ओढून काढू नका, तोंडाच्या बाजूनं नखानं सरकवा, साबणानं धुवा. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका. सासूबाई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर त्यांनी ओल्या पायवाटेवर जाऊच नये. गुडघ्यापर्यंत येणारे दाट विणीचे लीच सॉक्स मिळतात, पँट त्यात खोचायची.

माकडतापाची शंका रास्त आहे. हा विषाणू १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्याच क्यासनूर जंगलात सापडला. तो गोचिडीतून पसरतो, आणि रुग्ण प्रामुख्यानं डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत आढळतात. म्हणूनही दिवाळी बरी. तरी होमस्टेवाल्यांना विचारा की जवळपास माकडं मेल्याची बातमी आहे का. असेल तर जंगलात जाऊ नका. पाचोळ्यावर बसू नका, गोचीड-प्रतिबंधक मलम लावा, परत आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ करून कपडे लगेच धुवायला टाका. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'शिवमोग्ग्याच्या जंगलात गेलो होतो' हे आपणहून सांगा. नाशिकमध्ये तापाचं निदान करताना हे कुणाच्या पटकन डोक्यात येणार नाही.

कोकणकन्या_नाशिकरोड

जायचं सोपं आहे. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते आणि पनवेल, रत्नागिरी, मडगाव करत थेट उडुपीला जाते. मुंबईला जाऊन गाडी बदलायची गरज नाही. नाशिकरोडला ती रात्रीची असते, त्यामुळे तिकीट काढताना तारीख दोनदा तपासा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीत पहिल्या सकाळीच संपतं. सासूबाईंना खालचा बर्थ हवा म्हणून त्या दिवशी आठच्या आधी तयार बसा.

आता हॉटेल. माझं माहेर त्या किनारपट्टीचं, म्हणून स्पष्ट लिहिते. 'बीच फेसिंग' लिहिलंय म्हणून समोर वाळू असेलच असं नाही. समुद्र जमीन खातो म्हणून पुष्कळ ठिकाणी काठाला मोठमोठ्या दगडांचा बांध घातलाय. समुद्र दिसतो, पण खाली उतरता येत नाही, आणि सासूबाईंना तर मुळीच नाही. उपग्रह नकाशावर ती जागा मोठी करून बघा. पाणी आणि हॉटेल यांच्यात करडी रेघ दिसली की तो बांध. शिवाय पावसाळा संपल्यानंतर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. वाळू दर पावसाळ्यात इकडची तिकडे होते, मार्चमधला फोटो दिवाळीत खरा ठरत नाही.

दुसरं, महामार्ग ६६ काही ठिकाणी समुद्राला अगदी चिकटून जातो. मरवंतेला एका बाजूला सौपर्णिका नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे रस्ता. बघायला अप्रतिम, झोपायला नाही, रात्रभर ट्रक. मुक्कामासाठी मी मलपे किंवा कापूच्या बाजूची, मुख्य रस्त्यापासून आत असलेली जागा घेईन. तळमजल्याची खोली लेखी मागून घ्या.

नदीच्या मुखाजवळचं हॉटेल दिसायला छान असतं, पण तिथे ओढ असते, मुलीला पाण्यात सोडू नका. पोहायचं असेल तर जीवरक्षक असलेला किनारा बघा. पडुबिद्रीला ब्लू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळालेला पट्टा आहे, तिथे स्वच्छता आणि देखरेख चांगली.

मलपेहून सेंट मेरीज बेटावर बोट जाते. तिथे लाव्हा थंड होताना तयार झालेले दगडी खांब आहेत, बरेचसे षटकोनी, एकाला एक लागून उभे. लेकीला नक्की दाखवा. सासूबाईंना मात्र बोटीतून उतरताना त्रास होईल. त्या वेळी त्यांना उडुपीच्या कृष्णमठात न्या, दर्शन आणि जेवण दोन्ही होईल.

मृण्मयी_इंदिरानगर

कोकणकन्याताई, दगडी बांधाचं कुठेच वाचलं नव्हतं. निवडून ठेवलेल्या तीन हॉटेलांपैकी दोन नकाशावर बघितली, दोन्हींसमोर ती करडी रेघ आहे! तिसरं वाळूला लागून आहे. आत्ताच फोन करून तळमजला आणि ताजा फोटो मागितला. आगुंबेच्या होमस्टेवाल्या काकांना 'गेल्या आठवड्यात काय दिसलं' विचारलं, तर ते दहा मिनिटं थांबेचनात.

एकच राहिलं. गाडी उडुपीला उतरवते, मग आधी समुद्र करू की आधी जंगल?

रानभूल

दहा मिनिटं बोलले ना, मग तेच घर पक्कं करा.

गाडी रात्री पोचते, त्यामुळे पहिली रात्र उडुपीत स्टेशनजवळ काढा आणि सकाळी घाट चढा. आगुंबे घाटात चौदा अवघड वळणं आहेत, रात्री नको. जंगल आधी. तिथे कपडे वाळत नाहीत, बूट ओले राहतात, पहाटे उठावं लागतं. मग खाली उतरून समुद्रावर सगळं वाळतं आणि गुडघ्यांना आराम मिळतो. उलट केलंत तर ओल्या बॅगा घेऊन परतीच्या गाडीत बसाल. जंगलात निदान तीन रात्री ठेवा. एखादी रात्र धो धो पावसात गेली तरी लेकीच्या हाती दोन उरतात. कॅमेरा असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून न्या.

कोकणकन्या_नाशिकरोड

आणि परतीचं तिकीटही त्याच गाडीचं, वेगळं ६० दिवस मोजून काढा. जायच्या आणि यायच्या तारखांची आरक्षणं एकाच दिवशी उघडत नाहीत.