शब्दचर्चा : 'दीक्षार्थी', 'उमेदवार' आणि कॅथलिक होऊ पाहणाऱ्या प्रौढांचं शिक्षण

जोडाक्षर
सोलापुरातल्या एका चर्चसाठी मराठी सूचनापत्रक तयार करायचं काम चालू आहे. इंग्रजी मसुद्यात 'आरसीआयए' (प्रौढांना चर्चमध्ये घेण्याचा कॅथलिक विधी) असं शीर्षक आहे आणि त्याखाली 'कॅटेक्युमेन्स' आणि 'कँडिडेट्स' असे दोन गट. कच्च्या अनुवादात 'प्रौढांसाठी धर्मांतर वर्ग' असं आलंय आणि दोन्ही गटांना मिळून 'इच्छुक' म्हटलंय. शीर्षक खटकतं. शिवाय दोन गट वेगळे ठेवायची खरंच गरज आहे का, की एक शब्द पुरेल? जाणकारांनी सांगावं.

धर्मशिक्षिका
एक शब्द पुरणार नाही. माणसाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आधी झालाय की नाही, यावर पुढचा सगळा मार्ग ठरतो. ज्यांचा झालेला नाही ते कॅटेक्युमेन, आपल्याकडे 'दीक्षार्थी'. ज्यांचा दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत बाप्तिस्मा झालाय आणि आता कॅथलिक चर्चमध्ये यायचंय ते कँडिडेट, म्हणजे 'उमेदवार'. तिसरा गट पत्रकात बहुधा राहून गेलाय: लहानपणी कॅथलिक चर्चमध्येच स्नानसंस्कार झाला, पण पुढे ना धर्मशिक्षण ना दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे श्रद्धा पक्की करणारा संस्कार). हे लोक कुठूनही 'येत' नाहीत, ते कॅथलिक आहेतच. त्यांना शिक्षण, पापनिवेदन (कन्फेशन), दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) एवढंच हवं असतं.

'धर्मांतर' हा शब्द फार तर पहिल्या गटाला लागू होईल. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या काळापासूनची प्रोटेस्टंट घराणी आहेत. त्यांच्यातलं कुणी कॅथलिक झालं तर ते धर्मांतर नव्हे, त्यांचा धर्म ख्रिस्तीच राहतो. विधीचं नावही 'संपूर्ण सहभागात स्वीकार' या अर्थाचं आहे. अशा माणसाच्या हातात 'धर्मांतर वर्ग' लिहिलेलं पत्रक देणं म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या श्रद्धेला नकार देणं. शीर्षक आधी बदला.

होटगीरोड
'दीक्षार्थी'बद्दल शंका आहे. सोलापुरात 'दीक्षा' म्हटलं की लिंगायत घरांत इष्टलिंग दीक्षा आठवते आणि आंबेडकरी वस्त्यांत 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची धम्मदीक्षा. दोन्हींत दीक्षा म्हणजे घडणारी घटना: त्या दिवशी घेतली, झाली. वाचणाऱ्याला वाटेल, अर्ज भरला की पुढच्या रविवारी दीक्षा.

धर्मशिक्षिका
शंका रास्त आहे, पण 'अर्थी' हा प्रत्यय इथे मदतीला येतो. विद्यार्थी वर्षानुवर्षं विद्यार्थी असतो, तसा दीक्षार्थी हीसुद्धा एक अवस्था आहे. चर्चच्या कायद्यात तिला दर्जा आहे (कलम 206). दीक्षार्थ्याला आशीर्वाद मिळतात आणि त्या काळात तो वारला तर ख्रिस्ती अंत्यविधी मिळतो (कलम 1183). 'इच्छुक' या शब्दात हे काहीच येत नाही. इच्छुक म्हणजे चौकशीला आलेला माणूस, आणि तो टप्पा खरोखर वेगळा आहे.

टप्पे सांगते, म्हणजे शब्द कुठे बसवायचे ते कळेल. आधी चौकशीचा काळ: येशू कोण, चर्च काय मानतं, आपल्याला इथे का यायचंय. यात बंधन कसलंच नसतं. मग स्वीकृतीचा विधी. तो चर्चच्या दाराशी सुरू होतो. येणाऱ्याला नाव विचारतात, 'देवाच्या चर्चकडे काय मागतोस?' असं विचारतात, कपाळावर क्रुसाची खूण करतात. कान, डोळे, ओठ, छाती, खांदे यांवरही ती करता येते. मग त्याला आत घेऊन शुभवर्तमान ऐकवतात. इथून तो दीक्षार्थी, आणि त्याचं नाव दीक्षार्थ्यांच्या वहीत जातं.

पुढचा शिक्षणाचा काळ सर्वांत लांब. विधिग्रंथ याला कमाल मर्यादा घालत नाही, गरज पडली तर काही वर्षंही चालतो. घाई केली की बिघडतं ते इथेच. तीन महिन्यांत 'कोर्स' उरकला तर माणसाला प्रार्थना पाठ होतात, पण रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), उपवास, शेजाऱ्याशी वागणूक यांची सवय लागलेली नसते. कायदा तर सरळ म्हणतो, प्रौढाला श्रद्धेची सत्यं आणि कर्तव्यं पुरेशी शिकवलेली असावीत आणि ख्रिस्ती जगण्यात तो पारखलेला असावा (कलम 865). म्हणून 'वर्ग' या शब्दालाही माझा विरोध आहे. वर्ग हा त्याचा एक भाग झाला.

नोंदवही
शिकवायला बहुतेक ठिकाणी 1992 चा कॅटेकिझम (कॅथलिक शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ) पायाभूत धरतात. त्याचे चार भाग: मतांगीकार (श्रद्धेची कबुली, क्रीड), संस्कार, आज्ञा आणि नैतिक जीवन, प्रार्थना. परिच्छेद 2865. नवख्याला तो झेपत नाही. त्याचाच 2005 चा संक्षेप प्रश्नोत्तरांत आहे, 598 प्रश्न, तो हाताशी ठेवावा. आठवड्याला एक बैठक धरली तर चारही भाग नीट व्हायला वर्ष लागतंच.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. उमेदवारांच्या बाबतीत चुका होतात त्या नोंदीच्या टेबलावर. पहिला नियम, दुसऱ्यांदा स्नानसंस्कार द्यायचा नाही. पाणी ओतून किंवा बुडवून, 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' या शब्दांत झाला असेल तर प्रोटेस्टंट मंडळीतला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. अशा माणसाने मिस्सेत मतांगीकार म्हणायचा आणि 'पवित्र कॅथलिक चर्च जे देवाने प्रकट केलेलं म्हणून मानतं, शिकवतं आणि घोषित करतं, ते सर्व मी मानतो' अशा आशयाचं एक वाक्य जोडायचं. त्याआधी पापनिवेदन, त्यानंतर दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद. ऑर्थोडॉक्स असेल तर दृढीकरणही पुन्हा नाही, कारण त्यांचं ते चर्च मान्य करतं.

पण प्रत्येक 'ख्रिस्ती' घरात बाप्तिस्मा झालेला असतो असं धरून चालू नका. मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मी) पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत. तीन पिढ्या मुक्तिफौजेत गेलेला माणूस, बायबल तोंडपाठ असलेला, तरी चर्चच्या लेखी तो उमेदवार नाही, दीक्षार्थी आहे. त्याला हे नीट समजावून सांगावं लागतं, नाहीतर अपमान वाटतो. काही स्वतंत्र प्रार्थनागट फक्त 'येशूच्या नावाने' बाप्तिस्मा देतात, तोही धरता येत नाही. म्हणून 'बाप्तिस्मा झालाय का?' एवढं विचारून थांबू नये. पाणी कसं वापरलं, शब्द कोणते होते, कुणी दिला, हे विचारावं.

जोडाक्षर
दाखला नसेल तर?

नोंदवही
आधी मूळ मंडळीच्या रजिस्टरमधला उतारा मागवायचा. वही गहाळ असेल तर कलम 876 प्रमाणे एक विश्वासू साक्षीदार पुरतो. मोठेपणी बाप्तिस्मा घेतला असेल तर स्वतःची शपथही चालते. एवढं करूनही खरीच शंका उरली, तर 'तुझा स्नानसंस्कार झाला नसेल तर' अशा शब्दांनी सुरू होणारा सशर्त स्नानसंस्कार, तोही गाजावाजा न करता. सोय म्हणून सगळ्यांनाच सशर्त उरकून टाकणं चूक आहे.

शब्द किती काटेकोर लागतात पाहा. 2020 मध्ये व्हॅटिकनने स्पष्ट केलं की 'मी'ऐवजी 'आम्ही तुला स्नानसंस्कार देतो' म्हटलं तर तो संस्कार ठरत नाही. मराठीत आदरार्थी किंवा मंडळीच्या वतीने 'आम्ही' सहज तोंडात येतं. तिथे ते चालणार नाही.

होटगीरोड
यात सोलापूरची आणखी एक गाठ आहे, पूर्व भागातल्या तेलुगू घरांची. तेलुगू कॅथलिक 'ज्ञानस्नानम्' म्हणतात, प्रोटेस्टंट बहुतेक 'बाप्तिस्मम्'. तेव्हा मराठी बोलताना कुणी 'माझं ज्ञानस्नान झालंय' म्हणालं, तर तो माणूस धर्मशिक्षिकाताईंच्या तिसऱ्या गटातला असण्याचा संभव मोठा. त्याला उमेदवारांत बसवू नये, आधी मूळ गावच्या चर्चला पत्र टाकावं. कन्नडमध्ये 'ज्ञानस्नान' आणि 'दीक्षास्नान' दोन्ही कानावर येतात, तिथे शब्दावरून काही ठरवू नये.

धर्मशिक्षिका
हे पत्रकातच घाला, 'स्नानसंस्कार (बाप्तिस्मा, ज्ञानस्नान)' असं. लोक आपला शब्द ओळखतील.

आता उपवासकाळातले (ईस्टरआधीचे सुमारे चाळीस दिवस) शब्द, कारण अनुवाद घसरतो तो इथे. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी बिशप, किंवा त्यांनी नेमलेले धर्मगुरू, दीक्षार्थ्यांची निवड जाहीर करतात आणि नावं वहीत लिहिली जातात. याला 'निवडणूक' म्हणू नका, सोलापुरात त्याचा अर्थ महापालिकाच होईल. 'निवडविधी' चांगला. यानंतर ते 'निवडलेले'. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, म्हणून नावं पुण्याला वेळेवर कळवायला हवीत. 14 वर्षं पूर्ण झालेल्यांचा स्नानसंस्कार बिशपांना कळवणं तसंही कायद्यात आहे (कलम 863).

तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी 'स्क्रुटिनी'. याचा अनुवाद 'छाननी' केला तर लोक कागदपत्रं घेऊन येतात, 'परीक्षा' म्हटलं तर घोकंपट्टी करून. प्रत्यक्षात तो प्रार्थनेचा विधी आहे: मनातलं दुबळं ते उघडं व्हावं आणि बरं व्हावं, चांगलं ते बळकट व्हावं. वाचनं ठरलेली आहेत, विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस आणि लाजारस. मला 'शोधनविधी' जवळचा वाटतो, त्यात शोधणं आणि शुद्ध करणं दोन्ही आहेत. याच काळात त्यांच्या हाती मतांगीकार आणि प्रभूची प्रार्थना सोपवतात.

ईस्टरच्या जागरणाला स्नानसंस्कार, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद एकाच रात्री. प्रौढाला स्नानसंस्कार देणाऱ्या धर्मगुरूला दृढीकरण देण्याचाही अधिकार असतो, त्यासाठी बिशपांची वाट पाहत थांबायचं नसतं. पुढचे पन्नास दिवस 'मिस्टॅगॉजी', म्हणजे मिळालेल्या संस्कारांचा अर्थ उमजून घेण्याचा काळ. 'रहस्यबोध' म्हटलं की कादंबरी आठवते. 'संस्कारबोध' म्हणावं.

जोडाक्षर
आणि फादरांकडे एकट्याने जाऊन शिकणं? जुन्या पिढीत तेच ऐकलंय.

नोंदवही
1972 चा हा प्रौढांचा विधी येण्याआधी सर्रास तेच चाले: काही महिने प्रश्नोत्तरी, मग स्नानसंस्कार. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये टप्प्याटप्प्याची जुनी पद्धत पुन्हा आणायला सांगितली. आज दीक्षार्थ्याचे टप्पे गाळायचे तर आजारपण, दूरची बदली असं खरं कारण आणि बिशपांची परवानगी लागते. मृत्यू जवळ असेल तर मुख्य सत्यांची थोडी ओळख, संस्काराची इच्छा आणि आज्ञा पाळण्याचं वचन एवढ्यावर स्नानसंस्कार देता येतो. उमेदवाराचं मात्र वेगळं. तो आधीच मुरलेला ख्रिस्ती असेल तर त्याला वर्षभर दीक्षार्थ्यांच्या रांगेत बसवू नये. जेवढी गरज तेवढंच शिकवावं, आणि ईस्टरपर्यंत थांबवून ठेवण्याचंही कारण नाही.

पत्रकात दोन गोष्टी ठळक टाका. एक, विवाहाची माहिती पहिल्याच भेटीत द्यावी. आधीचं लग्न, घटस्फोट, जोडीदाराचं आधीचं लग्न यांचा उलगडा शेवटच्या महिन्यात झाला की ईस्टर हमखास हुकतो. दोन, धर्मपिता किंवा धर्ममाता (गॉडफादर, गॉडमदर): 16 वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेली कॅथलिक व्यक्ती, आणि स्वतःचे आईवडील नकोत. एक पुरते, दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. प्रोटेस्टंट नातेवाईक सोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो, पण एकटा नाही.

जोडाक्षर
मग शीर्षक असं करतो: 'प्रौढांचा ख्रिस्ती श्रद्धाप्रवेश'. खाली तीन ओळी: 'स्नानसंस्कार (बाप्तिस्मा, ज्ञानस्नान) झालेला नाही – दीक्षार्थी', 'दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत झाला आहे – उमेदवार', 'कॅथलिक चर्चमध्ये झाला, दृढीकरण राहिलं – थेट धर्मगुरूंना भेटावं'.

धर्मशिक्षिका
शीर्षकातलं 'ख्रिस्ती' काढून 'कॅथलिक चर्चमधील' घाला. उमेदवाराचा ख्रिस्ती श्रद्धेत प्रवेश कधीच झालाय.