लॅपटॉपला केबलने आयपी मिळतोय, पण नेट नाही. उद्या प्रॅक्टिकल आहे, लवकर मदत हवी

टीवाय_आयटी
केबल लावली की नेट बंद. आयपी मिळतोय, पोर्टचा दिवा लागतोय, तरी एक पान उघडत नाही. कधी दोन-चार मिनिटं चालतं, मग परत गप्प. वायफायवर चालतं. केबल बदलली, ड्रायव्हर परत टाकला, रीस्टार्ट करून झालं. उद्या प्रॅक्टिकल आहे आणि ते केबलनेच दाखवायचंय. कृपया "केबल तपासा" सांगू नका, केबल नवीन आहे. शिवाय ओरलला गेटवे, डीएचसीपी, डीएनएस आणि स्विच-राउटरमधला फरक हमखास विचारतात. तेही कोणी थोडक्यात लिहिलं तर बरं होईल.

तारजोड
नवीन आहे म्हणून चांगली आहे असं होत नाही. तयार घेतली की क्रिंप करून (टोकं बसवून) घेतली? टी५६८बी या तारजोडणीच्या मानकाप्रमाणे क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. १, २, ३ आणि ६ या पिना लागल्या की १०० एमबीपीएसची लिंक मिळते. गिगाबिटला आठही तारा लागतात. स्वस्तातल्या केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं. तार ब्लेडने खरवडून बघ. आत चंदेरी दिसली तर ती केबल भिंतीतून न्यायच्या लायकीची नाही, वारंवार वाकवली की तुटते. पुण्याच्या तापकीर गल्लीत घेताना "पूर्ण तांब्याची कॅट ६" असं स्पष्ट सांगून घे.

पोर्ट६७
@तारजोड, आयपी मिळतोय असं तो लिहितोय. म्हणजे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक हे डीएचसीपीचे (आयपी पत्ते वाटणारी व्यवस्था) चारही निरोप त्या केबलवरून गेले-आले. लिंक लागूनही डीएचसीपीचं उत्तर आलं नसतं, तर विंडोजने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला असता.
@टीवाय_आयटी, माहिती अर्धवट आहे. विंडोज कोणतं? केबल थेट मुख्य राउटरला जाते की मध्ये काही आहे? कमांड प्रॉम्प्टमध्ये "आयपीकॉन्फिग /ऑल" देऊन दोनदा उतरव: एकदा फक्त केबल, एकदा फक्त वायफाय. आयपी, मास्क, गेटवे, डीएचसीपी सर्व्हर, डीएनएस एवढ्या ओळी पुरेत. मग गेटवेला आणि ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग कर, म्हणजे उत्तर येतं का ते बघ.

झटपट
एवढं कशाला? अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयपी हाताने टाक, डीएनएस ८.८.८.८ टाक. दहापैकी नऊ वेळा डीएनएसच (नावावरून आयपी देणारा) असतो.

टीवाय_आयटी
विंडोज ११.
केबल: आयपी १९२.१६८.१.१०२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे, डीएचसीपी सर्व्हर आणि डीएनएस तिन्ही १९२.१६८.१.१.
वायफाय: आयपी १९२.१६८.१.५, बाकी सगळं तेच.
केबलवर गेटवेला पिंग जातो, ८.८.८.८ ला "रिक्वेस्ट टाइम्ड आउट". डीएनएस हाताने टाकून पाहिला, फरक नाही.

पोर्ट६७
८.८.८.८ हा आकड्यातला पत्ताच आहे. तिथे पोचायला नावाचं भाषांतर लागत नाही, म्हणून डीएनएसचा प्रश्न इथेच संपला. तोच गेटवे, तोच डीएचसीपी सर्व्हर, पण एक पत्ता ५ आणि दुसरा १०२. दोन वेगवेगळे पूल (वाटायच्या पत्त्यांचे साठे) पत्ते वाटतायत असा मला दाट संशय आहे. मध्ये काय आहे हे अजून सांगितलं नाहीस.

सबनेटप्रेमी
ओरलसाठी सबनेटिंग (नेटवर्कचे तुकडे पाडणं) पक्कं कर. /२४ मध्ये २५६ पत्ते, पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले २५४. /२६ केलं की ६४-६४ चे चार तुकडे, प्रत्येकात ६२ यंत्रं. १९२.१६८.१.१०२ हा ६४ ते १२७ या तुकड्यात बसतो. मास्क २५५.२५५.२५५.१९२.

टीवाय_आयटी
सबनेटिंग येतं हो. मध्ये जुना राउटर आहे ना, कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये हॉलमधून आतल्या खोलीत वायर आणायला स्विच म्हणून लावलाय. नव्याच्या लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) पोर्टमधून जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये. त्याचा काय संबंध? रूम पार्टनर म्हणतात वायफायही मधूनमधून बंद पडतं.

पोर्ट६७
सगळा संबंध त्याचाच आहे. घरातला "राउटर" म्हणजे एका डब्यात तीन यंत्रं: लॅन पोर्टांचा स्विच, वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणि या दोघांना बाहेरच्या जगाशी जोडणारा खरा राउटर. लॅन ते लॅन जोडलंस म्हणजे स्विचचं काम झालं, पण आतला राउटर आणि डीएचसीपी सर्व्हर जागेच आहेत. दोन्ही डबे स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवतात. लॅपटॉप गेटवे शोधतो तेव्हा दोघेही उत्तर देतात. जुना जिंकला तर पिंगला उत्तर येतं, पण त्याच्या वॅन पोर्टला (बाहेरचं नेट येतं तो) काहीच जोडलेलं नाही, त्यामुळे पॅकेट (डेटाचा तुकडा) तिथेच मरतं. नवा जिंकला की तुझी ती दोन-चार मिनिटं. वायफायवाल्यांनाही हाच फटका बसतो.
खात्री करून घे: नेट बंद असताना "एआरपी -ए" दे, कोणत्या आयपीला कोणता मॅक ते दिसतं. १९२.१६८.१.१ समोरचा मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यात दिलेला क्रमांक) दोन्ही डब्यांच्या खालच्या स्टिकरशी ताड. स्टिकरवरचा शेवटचा आकडा एक-दोनने पुढे-मागे असू शकतो, कारण वॅन, लॅन आणि वायफायचे मॅक वेगळे असतात.

वॅनवाला
मग सोपं आहे. केबल जुन्याच्या वॅन पोर्टमध्ये घाल. काम झालं.

पोर्ट६७
नाही होणार. वॅन आणि लॅन दोन्हीकडे १९२.१६८.१ हेच नेटवर्क येईल आणि पॅकेट कुठल्या बाजूला टाकायचं हे राउटरला ठरवता येणार नाही.

वॅनवाला
लॅन १९२.१६८.२.१ केली की चालतं. डबल नॅट होतं (पत्त्यांची अदलाबदल दोनदा), पण ब्राउझिंगला काही अडत नाही. डीएचसीपी बंद करायला लावलात तर पोरगं सेटिंगच्या पानाबाहेर अडकून बसेल.

पोर्ट६७
प्रॅक्टिकल नेमकं कशाचं आहे यावर ते ठरेल.

टीवाय_आयटी
मॅक जुन्याचाच निघाला. प्रॅक्टिकल फोल्डर शेअरिंगचं आहे, एक लॅपटॉप हॉलमध्ये आणि एक आत.

पोर्ट६७
मग वॅन पोर्ट नकोच. हॉलमधल्या लॅपटॉपला नॅटच्या मागचा फोल्डर दिसणार नाही. हाच क्रम धर:
नव्या राउटरकडून येणारी केबल जुन्यातून काढ. लॅपटॉप केबलने जुन्याला, वायफाय बंद. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून लॅनचा आयपी १९२.१६८.१.२५० कर आणि सेव्ह कर. आता पान १९२.१६८.१.२५० वर उघडेल. तिथे डीएचसीपी बंद करून सेव्ह कर. आधी डीएचसीपी बंद केलास आणि डबा रीस्टार्ट झाला तर लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही. @वॅनवाला यांनी म्हटलेलं अडकणं ते हेच. तसं झालंच तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.० टाकून आत जाता येतं.
मग नव्याचा लॅन ते जुन्याचा लॅन, वॅन रिकामा. शेवटी "आयपीकॉन्फिग /रिलीज", "आयपीकॉन्फिग /रिन्यू", आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या प्रॉम्प्टमध्ये "एआरपी -डी *".

झटपट
२५० कशाला, २ टाका. लक्षात राहतो.

पोर्ट६७
नवा डबा ५ वाटतोय, म्हणजे त्याचा पूल खालून सुरू होतोय. २ कोणाच्या तरी फोनला गेलेला असेल. नव्याचा पूल २०० ला थांबव, म्हणजे २५० मोकळा राहील.

प्रश्नपत्रिका
ओरलचं राहूनच गेलं. स्विच मॅक पत्ता पाहून फ्रेम योग्य पोर्टला देतो, एकाच नेटवर्कात. राउटर आयपी पाहून पॅकेट एका नेटवर्कातून दुसऱ्यात पाठवतो. हब काहीच पाहत नाही, आलेलं सगळ्या पोर्टांवर सोडतो. गेटवे म्हणजे आपल्या नेटवर्कबाहेरचं पॅकेट ज्याच्या हवाली करायचं तो पत्ता. डीएचसीपी पत्ते वाटतो, यूडीपी ६७ सर्व्हरचा, ६८ क्लायंटचा. डीएनएस नावावरून आयपी देतो, पोर्ट ५३. आणि "एआरपी कशासाठी" विचारलं तर आयपीवरून मॅक शोधण्यासाठी. तुझ्या घरातलंच उदाहरण दे, परीक्षक पुढचं विचारणार नाहीत.

टीवाय_आयटी
नेट आलं! एआरपीत आता नव्याचा मॅक. पण हॉलमधल्या लॅपटॉपला आतून पिंग जात नाही, उलट जातो. फोल्डरही दिसत नाही.

पोर्ट६७
हॉलमधल्या लॅपटॉपवर नेटवर्क "पब्लिक" असणार. सेटिंग्जमध्ये "प्रायव्हेट" कर आणि फाइल व प्रिंटर शेअरिंग चालू कर. विंडोजचा फायरवॉल आत येणारा पिंग मुळात अडवतोच. फोल्डरला शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन्ही टॅबमध्ये परवानगी लागते. एक्सप्लोररमध्ये दोन उलटे दांडे (\\) देऊन हॉलच्या लॅपटॉपचा आयपी टाक. आयपी आता बदललेला असेल, नवा बघून टाक. पासवर्ड त्या लॅपटॉपवरच्या खात्याचा. पिन चालत नाही.

टीवाय_आयटी
फोल्डर उघडला. कॉपीचा वेग ११ च्या वर जात नाही, प्लॅन ३०० चा असून?

तारजोड
तो ११ मेगाबाइटचा आकडा आहे, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो. १०० भागिले ८ म्हणजे १२.५, आणि पॅकेटवरच्या पत्ते वगैरे माहितीचा वाटा वजा जाऊन ११ च्या आसपासच मिळतं. जुन्या डब्याचे पोर्ट १०० चेच दिसतात. घरातली कॉपी प्लॅनवर अवलंबून नसते, त्यासाठी मध्ये पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच लाव. त्यात डीएचसीपी नसतोच. आणि ती केबल एकदा खरवडून बघच.