फिलिपिनो लोकांचं आस्वांग: भूत, आजार की शेजारीण?

दर्यावर्दी:
बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. निम्मा क्रू कायम फिलिपिनो, त्यामुळे त्यांची भुतं माझ्या ओळखीची झालीत. झाडावर बसून चिरूट ओढणारा काप्रे, वारुळातला बुटका नूनो, आणि सगळ्यांची राणी म्हणजे मनानांगाल. ही रात्री कंबरेपासून तुटते, वरचं अर्धं धड पंख फुटून उडतं आणि छपरातून लांब जीभ सोडून पोटुशीचा गर्भ शोषतं. मनानांगालसारख्या, माणसाचं रक्तमांस खाणाऱ्या सगळ्यांना मिळून आस्वांग म्हणतात.

आमच्यात एक ऑइलर होता, पनाय बेटावरच्या कापीझ प्रांतातला. (गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात ना शिंपल्याच्या चकत्या, तशाच तिकडेही. तो शिंपला जगात कापीझ याच नावाने विकला जातो.) कापीझ म्हणजे आस्वांगांचं माहेर, म्हणून बाकीचे त्याला छळायचे. एका रात्री वॉचवर त्याने सांगितलं, घरातल्या एका मोठ्या माणसाची चाळिशीत मान पिळवटायला लागली, जबडा उघडा राहायला लागला, जीभ बाहेर, लाळ गळतेय. गावाने येणंजाणं तोडलं. पुढे मनिलाच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: लुबाग.

माझं मत सरळ आहे. ही भुतं म्हणजे आजारावर आणि गरिबीवर टाकलेली चादर. रोगाचं नाव कळलं की भूत संपलं.

दावावची_डॉक्टर:
असहमत. मी फिलिपिन्समधल्या दावाव शहरात डॉक्टरकी शिकलेय, हा सिद्धांत तिथेही ऐकलाय. लुबाग खरा आहे. वैद्यकीय नियतकालिकात त्याचं पहिलं वर्णन १९७६ चं, मूळ पनायमध्येच, आणि दोष एक्स गुणसूत्रावर. त्यामुळे तो होतो जवळपास फक्त पुरुषांना. मग मनानांगाल बाई कशी?

दुसरं, आस्वांगाच्या गोष्टी फक्त पनायच्या नाहीत, लुझोन बेटावरच्या तागालोग लोकांतही सांगतात. पनायचा आजार तिकडच्या भुताला जन्म कसा देईल? उलट हा संबंध जोडून आपण त्या रुग्णांना दुसऱ्यांदा आस्वांग म्हणतोय.

दर्यावर्दी:
बाईचा मुद्दा मान्य, तो सुचला नव्हता. पण बांगुंगोतचं काय? धडधाकट जवान पोरगा झोपेत कण्हतो आणि सकाळी मेलेला सापडतो. आमच्या जहाजावर रात्री उशिरा पोटभर जेवून कुणी झोपायला निघाला की दुसरा ओरडायचा, "पायाचा अंगठा हलवत राहा रे!" इलोकानो खलाशी म्हणायचे, छातीवर बातीबात बसते. जाडजूड म्हातारी. आता त्यातले बरेच मृत्यू हृदयाच्या विजेतल्या दोषामुळे होतात, ब्रुगाडा सिंड्रोममुळे, हे डॉक्टरच सांगतात. इथे तरी म्हातारी गेली की नाही?

विवेकी_काका:
तुम्ही दोघं आजारातच अडकलात. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत होतो, डाकीण ठरवलेल्या बायकांना नंदुरबारकडे भेटलोय. तिथे पहिला प्रश्न एकच विचारायचा: नाव कुणाचं घेतलं? भूत काय करतं ते नंतर.

फिलिपिन्समध्येही तोच विचारा. स्पॅनिश येण्याआधी तिथे बाबायलान होत्या, म्हणजे पूजा सांगणाऱ्या, औषध देणाऱ्या, बहुतेक बायका. पाद्र्यांनी त्यांना सैतानाच्या दासी ठरवलं. काल जिच्याकडे बाळंतपणाला धावत होते, ती आज गर्भ खाणारी!

आणि १९५० च्या दशकाची सुरुवात बघा. मध्य लुझोनमधले कुळं-शेतकरी हुकबलाहाप बंडात उतरले होते. भांडण जमिनीचं, पिकातल्या वाट्याचं. अमेरिकी अधिकारी एडवर्ड लान्सडेल सरकारच्या मदतीला. त्याच्या माणसांनी आधी वावडी उठवली की टेकडीवर आस्वांग फिरतंय. मग गस्तीवरच्या तुकडीतला शेवटचा बंडखोर गुपचूप पकडला, मानेला दोन भोकं पाडली, उलटं टांगून रक्त काढलं आणि प्रेत परत वाटेवर टाकलं. बंडखोरांनी टेकडी सोडली. हे लान्सडेलने स्वतःच्या आठवणींत लिहिलंय, आणि लाजून वगैरे नाही.

माहेरवाशीण_मालवण:
काका, कुणी वापरलं ते पटलं. पण सगळं कोर्टकचेरीसारखं का बघायचं? फिलिपिनो माणूस गवतात लघवीला बसताना "ताबी-ताबी पो" म्हणतो. म्हणजे नूनोला, जरा सरका हो. आमच्याकडे राखणदाराला विचारल्याशिवाय माडाखालचा दगड हलवत नाहीत. त्यात कुणाचं काय बिघडलं?

मनानांगालचंही एक आहे. बायको गरोदर असली की नवरा रात्री कोयता घेऊन जागा राहतो, मीठ-लसूण टांगतो, सासू सोबतीला येते. ज्या गावात दवाखाना एक होडी आणि दोन डोंगर पलीकडे, तिथे या भीतीने बाईला सोबत तरी मिळाली. आणि तियानाक, रानात रडणारं मेलेलं बाळ. गर्भपात तिथे गुन्हा आहे. गेलेल्या बाळाबद्दल ज्या घरात बोलताच येत नाही, तिथे निदान त्या रडण्याबद्दल तरी बोलता येतं. हे अज्ञान म्हणून झटकू नका.

विवेकी_काका:
ताई, सोबत मिळाली हे खरं. पण तो कोयता कुणाच्या दारावर रोखलेला असतो? पलीकडच्या एकट्या म्हातारीच्या. मूल पडलं तर सकाळी तिच्याकडेच बघतात.

माहेरवाशीण_मालवण:
याला माझ्याकडे उत्तर नाही.

दावावची_डॉक्टर:
काकांशी बऱ्यापैकी सहमत, फक्त रागावून काही होत नाही. वॉर्डात जुलाबाने सुकलेलं बाळ यायचं, आई म्हणायची उसोग झालाय, परक्याची नजर बाधलीय. आधी आल्बुलार्योकडे, म्हणजे तिकडच्या वैदूकडे, जाऊन आलेली. आमच्या मॅडम सांगायच्या, आधी विचारा कोण आलं होतं घरी. त्या एका प्रश्नातून नवरा परदेशात, पैसे थांबलेत, सासूशी वाद, विहिरीचं पाणी, सगळं बाहेर यायचं. सलाईन तेव्हाच लावायचो, पण बाळ दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून ते ऐकावं लागायचं.

दर्यावर्दी, एक विचारायचं राहिलं. ऑइलरच्या घरातला तो माणूस कोण, काका की मामा?

दर्यावर्दी:
मामा. आईचा सख्खा भाऊ. का?

दावावची_डॉक्टर:
काका असता तर याला तिकडून भीती नव्हती. मामा म्हटल्यावर आईकडे ते जनुक असण्याची शक्यता निम्मी, आणि असेल तर तिच्याकडून याच्याकडे यायची पुन्हा निम्मी. वय काय होतं त्याचं?

दर्यावर्दी:
छत्तीस-सदतीस असेल.

रोज सकाळी दाढी करताना तो आरशासमोर जबडा उघडून मिटून बघायचा, जीभ बाहेर काढायचा, मान डावी-उजवीकडे वळवायचा. आम्ही त्याला हिरो म्हणून चिडवायचो.