मदत हवी आहे: ‘सारांश आहे, विश्लेषण नाही’ असा शेरा आलाय, सुर्व्यांच्या कवितेवरचा प्रकल्प कसा दुरुस्त करू?

टीवाय_मराठी

नमस्कार. टी.वाय.ला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) मराठी घेतलंय, कॉलेज परळला. प्रकल्पाचा विषय ‘नारायण सुर्वे यांच्या कवितेतील गिरणगाव: साहित्य, संस्कृती आणि समाज’. मर्यादा ४००० शब्दांची, हातात १२ दिवस. पहिला खर्डा मॅडमनी परत दिला. वर लाल पेनाने एकच ओळ: ‘सारांश आहे, विश्लेषण नाही.’ एकूण १७ कविता घेतल्यात, आणि सुरुवातीला मार्क्सवादी समीक्षेवर ६ पानांचं प्रकरण आहे. नमुन्यादाखल एक परिच्छेद देते:

‘नारायण सुर्वे हे कामगारांचे कवी होते. त्यांच्या कवितेत कामगारांच्या व्यथा-वेदनांचे यथार्थ चित्रण आढळते. साहित्य हा समाजाचा आरसा असतो. १९८२ च्या संपात उद्ध्वस्त झालेल्या कामगारांचे दुःख “ऐसा गा मी ब्रह्म” या कवितेतून प्रकट होते. कवीला स्वतःला राहायला घर नव्हते, हे या कवितेतून सिद्ध होते.’

विश्लेषण म्हणजे नेमकं काय करायचं? आणि समाजाची माहिती घालायची तर किती आणि कुठे?

समासात

आधी सालाची चूक काढा. ती राहिली तर परीक्षक पुढचं विश्वासाने वाचणार नाही. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ ही कविता याच नावाच्या संग्रहातली, आणि तो संग्रह १९६२चा. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. म्हणजे संप होण्याच्या वीस वर्षं आधीच्या कवितेत तुम्ही संपाचं दुःख वाचताय. १९६२मध्ये गिरण्यांचे भोंगे रोज वाजत होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा नुकताच संपला होता आणि १ मे १९६०ला मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली होती. त्या कवितेच्या जवळचा काळ हा आहे.

ही चूक बहुतेक वेळा पुनर्मुद्रणामुळे होते. हातातल्या प्रतीवर नंतरच्या आवृत्तीचं साल असतं, तेच कवितेचं साल समजलं जातं. आतलं पान उघडून पहिल्या आवृत्तीचं साल बघा आणि प्रत्येक कवितेपुढे पेन्सिलीने लिहून ठेवा. पृष्ठांक मात्र तुम्ही वापरलेल्या आवृत्तीचेच द्या.

दुसरं, ‘सिद्ध होते’. कवितेतला ‘मी’ आणि कवी यांना तुम्ही एकच धरलंय. सुर्व्यांच्या बाबतीत हा मोह जास्त होतो, कारण त्यांचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे: गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने सांभाळलेलं पोर, पुढे गिरणीत काम, मग शाळेत शिक्षक. ती माहिती प्रस्तावनेत दोन ओळींत द्या. कविता वाचताना ‘निवेदक’ हा शब्द वापरा, म्हणजे हात आपोआप आवरेल.

तिसरं, आरसा. आरसा म्हटलं की कवीने काय निवडलं, काय वगळलं, कोणता शब्द कोणाशेजारी बसवला, हे प्रश्नच उरत नाहीत. तुमचं काम तर नेमके तेच प्रश्न विचारायचं आहे.

अक्षरगणती

विश्लेषण म्हणजे काय ते याच कवितेवर करून बघू. सुरुवात अशी: ‘ऐसा गा मी ब्रह्म / विश्वाचा आधार / खोलीस लाचार / हक्काचिया’. बोटांवर मोजा: ऐ-सा-गा-मी-ब्र-ह्म. सहा अक्षरं. पुढचे दोन चरणही सहा-सहाचे, चौथा चारचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. हा सरळसरळ मोठा अभंग आहे. हरिपाठातलं ‘देवाचिये द्वारी’ शेजारी ठेवा, माप तेच निघेल.

यमकात कोणते शब्द बसलेत बघा: ‘आधार’ आणि ‘लाचार’. विश्वाचा आधार असलेलं ब्रह्म आणि एका खोलीसाठी झालेली लाचारी. अर्थाने दोन टोकांचे शब्द, पण कानाला जोडीचे. कवितेतला ताण यमकात आहे आणि तो तुम्हाला बोट ठेवून दाखवता येतो. तुमच्या परिच्छेदात बोट ठेवण्याजोगी अशी एकही जागा नाही. मॅडमचा शेरा त्यामुळेच आला असणार.

आता चौथा चरण, ‘हक्काचिया’. एकाच शब्दाची चार अक्षरं. ‘चिया’ हा प्रत्यय जुन्या मराठीतला, संतांच्या ओवी-अभंगांत भेटणारा. ‘हक्क’ मूळचा अरबी, आणि विसाव्या शतकातल्या मुंबईत मोर्च्यात, मागणीपत्रात, युनियनच्या सभेत रोज ऐकू येणारा. या दोघांचा सांधा एका शब्दात झालाय. साहित्य, संस्कृती, समाज अशी तीन वेगळी प्रकरणं पाडायची गरजच नाही, तिन्ही इथे एका जागी सापडतात. यावर ३०० शब्द सहज होतील, आणि ते तुमचे स्वतःचे असतील.

एक सावधगिरी. हरिपाठात देवाच्या दारी उभं राहणं आणि इथे खोलीच्या दारी, अशी तुलना सुचेल. छान दिसते, पण कवितेत ‘दार’ हा शब्द नसेल तर ती तुम्ही बाहेरून आणलेली असेल. नका घेऊ.

नायगाव_वाचनालय

समाजाची माहिती किती आणि कुठे, यावर लिहितो. कवितेतला एखादा शब्द जेवढी मागेल तेवढी, आणि त्या शब्दाला लागूनच. गिरण्यांचा इतिहास १८५४पासून सांगत बसलात तर ८०० शब्द खर्ची पडतात आणि कविता लांब राहते.

‘खोली’ हा शब्द घ्या. गावाकडे खोली म्हणजे घराचा एक भाग. मुंबईत ‘खोली घेतली’ म्हणजे घरच घेतलं. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, स्वयंपाक, झोप, अभ्यास, पाहुणे सगळं त्यातच. ती मिळणं अवघड का होतं? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. आधीपासून राहणाऱ्याला त्याने संरक्षण मिळालं, पण भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात मालकांना रस उरला नाही. नव्याने येणाऱ्याला पागडी, म्हणजे भाड्याशिवाय वेगळी एकरकमी रक्कम, मोजावी लागे. कायद्याने ती घ्यायला बंदी होती, तरी चालायची. म्हणजे कागदावर हक्क आणि हातात खोली नाही, अशी माणसं शहरात भरपूर होती. आता ‘हक्काचिया’ परत वाचा. एवढा संदर्भ ६०-७० शब्दांत बसतो.

पुस्तकांसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा दादर पूर्वेचा संदर्भ विभाग गाठा, परळहून चालत जाण्याइतका जवळ. कलिनाला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. गिरणगावाच्या संस्कृतीसाठी मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींवरून लिहिलेला मौखिक इतिहास वाचा, मराठीत ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने आहे. त्यातला मजकूर म्हणजे माणसांच्या आठवणी. ‘असे होते’ न लिहिता ‘एका कामगाराच्या आठवणीनुसार’ असं लिहा.

टीवाय_मराठी

खूप आभार. सालाची चूक पाहून घाबरलेच, तीन ठिकाणी तीच आहे. दोन शंका. १७ कविता ठेवू की कमी करू? आणि गिरणगावात चाळीचाळीत भजनी मंडळं होती, म्हणून कवीने अभंग घेतला असं लिहिलं तर चालेल का?

समासात

तीन कविता. १७ कवितांना ४००० शब्द वाटले तर एकीला २३५ येतात, आणि तेवढ्यात सारांशच होतो. तीन ठेवल्यात तर प्रत्येकीला ९०० शब्द, आणि प्रस्तावना-समारोपाला १३०० उरतात. निवड करताना एक अभंगाच्या घाटाची, एक संवादाची किंवा पत्राच्या ढंगाची, आणि एक मुक्तछंदातली घ्या, म्हणजे तुलनेला जागा राहते. उरलेल्या १४ फेकू नका, एखाद्या शब्दाची पुनरावृत्ती दाखवायला तळटिपेत कामाला येतील.

सहा पानांचं मार्क्सवादाचं प्रकरण काढा. त्यातली एक संकल्पना ठेवा, उदाहरणार्थ परात्मता (माणूस स्वतःच्याच श्रमापासून तुटणं), आणि ती जिथे कवितेला लागू पडते तिथेच चार ओळींत समजावा. लागू पडत नसेल तिथे तसं स्पष्ट लिहा, त्याचेही गुण मिळतात.

अक्षरगणती

भजनी मंडळांबद्दल: ‘म्हणून’ काढा. मंडळं होती हे खरं, कोकण-घाटावरून आलेल्या कामगारांनी ती चालवली. पण अभंग शाळेच्या पुस्तकातही होता, घरच्या देवघरापुढेही होता. कवीने तो कुठून उचलला याचा पुरावा तुमच्याजवळ नाही. वाचकाच्या बाजूने मात्र बोलता येतं: ज्याच्या कानावर रोज अभंग पडतो त्याला ही चाल ओळखीची वाटणार आणि ‘खोली’पाशी तो दचकणार. हे विधान टिकतं.

कामाची पद्धत सांगते. कविता मोठ्या समासासह ए-फोरवर छापा. तीन रंग घ्या: संतपरंपरेतले शब्द एका रंगाने, कायदा-युनियन-कचेरीचे दुसऱ्याने, हिंदी-उर्दू-इंग्रजीतून आलेले तिसऱ्याने. जिथे दोन रंग शेजारी येतील तिथे परिच्छेद सुरू करा. उद्धृत चार ओळींपेक्षा मोठं नको, आणि त्याखालचं तुमचं लेखन उद्धृताच्या निदान दुप्पट हवं. शेवटी फाइलमध्ये ‘यथार्थ’, ‘व्यथा-वेदना’, ‘आरसा’, ‘हृदयस्पर्शी’, ‘जिवंत चित्रण’ हे शब्द शोधा. एकेक खोडून बघा. वाक्य कोसळलं तर त्यात दुसरं काहीच नव्हतं.

टीवाय_मराठी

नवा परिच्छेद, कृपया पाहा:

‘“ऐसा गा मी ब्रह्म” या कवितेचा घाट अभंगाचा आहे. पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे येतात. दुसऱ्या व तिसऱ्या चरणांतील यमकामुळे “आधार” आणि “लाचार” हे विरुद्ध अर्थाचे शब्द जोडीने ऐकू येतात. निवेदकाची लाचारी खोलीसाठी आहे. भाडी गोठलेल्या आणि पागडीवाचून खोली न मिळणाऱ्या मुंबईत ही मागणी साधी नव्हती. “हक्काचिया” या शब्दात संतांचा प्रत्यय आणि कामगार चळवळीची मागणी एकत्र येते. यावरून सुर्व्यांनी अभंगाची परंपरा नाकारली हे सिद्ध होते.’

नायगाव_वाचनालय

पहिली सहा वाक्यं जशीच्या तशी ठेवा. पागडीच्या वाक्याला तळटीप द्या, कायद्याचं साल तिथे येऊ दे.

अक्षरगणती

शेवटचं वाक्य वरच्या सहांच्या विरोधात जातंय. सहा-सहा-सहा-चारचं माप पाळलंय, यमक पाळलंय, प्रत्ययही जुनाच ठेवलाय, मग नाकारलं कुठे? ‘अभंगाचा घाट तसाच ठेवून सुर्व्यांनी त्यात नवी मागणी मांडलेली दिसते’ असं करा. आणि ‘सिद्ध होते’ अजून किती ठिकाणी आहे ते फाइलमध्ये शोधा.